रस्त्यावरचा ‘३०’ कोण ठरवतं आणि तो बदलून कसा घ्यायचा

महानगरपालिकेच्या रस्ते विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, तरी कॉलनीच्या लेखी मी अजून ऑफिसातच आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की कोणी ना कोणी दारात येतं. “काकू, शाळेपुढे ३० चा बोर्ड लावून द्या ना, तुमची वट आहे तिथे.” वट असती तरी काम झालं नसतं. पाटी काय, कोणीही उभी करतं. नगरसेवक वॉर्डाच्या निधीतून करतो, सोसायटी वर्गणीतून करते, मंडळ स्वतःचं नाव मोठं आणि वेग बारीक लिहून करतं. वेगमर्यादा मात्र आधी कागदावर येते आणि मग खांबावर चढते. कागद नसेल तर त्या पाटीच्या जोरावर पोलिसांना चलन करता येत नाही आणि उद्या अपघात झालाच तर वकिलालाही तिचा फारसा उपयोग नाही.

दरवेळी जिन्यात उभं राहून हे समजावण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मजकूर महाराष्ट्रापुरता आहे. कायदा देशभर एकच असला तरी अधिकार कोणाच्या हातात दिलाय हे राज्यागणिक बदलतं.

अधिकार कोणाचा

मोटार वाहन कायदा, १९८८. त्यातलं कलम ११२ पाठ करा, बाकीची विसरलात तरी चालेल. त्यात दोन मजले आहेत. वरचा मजला केंद्र सरकारचा: कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर कुठलं वाहन जास्तीत जास्त किती वेगाने जाऊ शकेल, ते केंद्र अधिसूचनेने ठरवतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत शहर हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ताशी ७० किलोमीटर, दुचाकीला आणि मालवाहू गाडीला ६०, रिक्षाला ५० असे आकडे होते. द्रुतगती मार्गावर कारला १२०. ही वाढीव मर्यादा मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवली. त्या वादात तुम्ही पडू नका. तुम्हाला कमाल आकड्यापासून खाली यायचंय, आणि खाली आणायचा अधिकार कलम ११२ च्या पोटकलम २ मध्ये आहे. तो खालचा मजला.

तिथे लिहिलंय की सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप पाहता गरज वाटली, तर राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या भागासाठी, एखाद्या रस्त्यासाठी, एखाद्या प्रकारच्या वाहनांसाठी वेगळी मर्यादा घालू शकतो. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात: राजपत्रात अधिसूचना आणि कलम ११६ खाली रस्त्यावर योग्य ठिकाणी पाट्या. दोन्ही. निर्बंध महिनाभराच्या आतला असेल तर अधिसूचना लागत नाही.

आता तो ‘अधिकार दिलेला अधिकारी’ कोण? लोकांना वाटतं महापौर किंवा आयुक्त. नाही. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हे काम वाहतूक पोलिसांकडून होतं. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधला महानगरपालिकेने, पण मार्च २०२४ मध्ये तो उघडताना सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर, चढ-उतारमार्गांवर ४० हे आकडे आले वाहतूक पोलिसांकडून. अटल सेतूचं तेच. बांधणारं एमएमआरडीए, कारला १०० आणि चढताना-उतरताना ४० हे सांगणारे पोलीस. आयुक्तालयाबाहेर, तालुक्यात-खेड्यात, कागद जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडे फिरतो.

आपल्या गावात नक्की सही कोणाची चालते हे शोधायची सोपी युक्ती आहे. वाहतूक शाखेचा कुठलाही जुना आदेश मिळवा. एकेरी मार्गाचा, नो पार्किंगचा, काहीही चालेल. पहिल्याच परिच्छेदात ‘महाराष्ट्र शासन गृह विभाग यांच्या अमुक दिनांकाच्या अधिसूचनेन्वये प्राप्त अधिकारांचा वापर करून मी, पोलीस उपआयुक्त, वाहतूक…’ असं काहीतरी असतं. पुण्याच्या आदेशांत तिथे २७ सप्टेंबर १९९६ ची अधिसूचना दिसेल. त्या परिच्छेदात ज्याचं पद, त्याच्या नावे अर्ज.

मग महानगरपालिका कशाला हवी? पाट्या, खांब, रंगाचे पट्टे, गतिरोधक, दुभाजक, त्यांचे पैसे आणि त्यांची निविदा ही सगळी आमची कामं. आदेश पोलिसांचा, हात महापालिकेचा. म्हणून अर्ज नेहमी दोघांनाही जातो. एकालाच दिलात तर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि पावसाळा जातो.

रस्ता कोणाचा

हे आधी पाहून घ्या, कारण निम्मे अर्ज इथेच भरकटतात. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. खेड्यात तर अजून घोळ. जाऊन किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे ऑफिसच्या भाषेत प्रजिमा, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. दगड रंग उडून पांढराफटक झाला असेल तर बांधकामच्या उपविभागात जाऊन रस्ता क्रमांक विचारा. शाखा अभियंता चहा पिता पिता सांगतो, त्याला ते तोंडपाठ असतं.

खेड्यातून मागणी करत असाल तर ग्रामसभेचा ठराव जोडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्याच आहेत. ठरावात रस्त्याचा क्रमांक, कुठून कुठपर्यंत, किती वेग आणि का, एवढं यायला हवं. ‘गावातून वाहने जोरात जातात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे ठराव मी फायलीत ढिगाने पाहिलेत. त्यावर योग्य ती कार्यवाही म्हणजे फाइल दप्तरी.

मोजल्याशिवाय मागू नका

आता मुद्द्याचं. अधिकाऱ्यापुढे रोज ‘गाड्या फार जोरात जातात’ असं सांगणारे दहाजण येतात. तुम्ही अकरावे होऊ नका. आकडे घेऊन जा. आकडे मिळवायला रडारगन लागत नाही.

रस्त्याचा सरळ तुकडा निवडा. टेपने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना कडेला खडूच्या रेघा मारा. हे टेपनेच करा, पावलांनी नको. मग रेघा दिसतील अशा गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. घरी बसून बघा: गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं ती वेळ, दुसऱ्या रेघेवर आलं ती वेळ. मीटर भागिले सेकंद गुणिले ३.६, की ताशी वेग निघाला. ५० मीटर ६ सेकंदांत गेली तर ३०, साडेचार सेकंदांत ४०, ३.६ सेकंदांत ५०, ३ सेकंदांत ६०. व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलात तर अंदाज चांगला येतो.

रस्त्याच्या कडेला वही घेऊन उभं राहू नका. वही दिसली की मराठी माणूस हळू चालवतो, त्याला वाटतं पावती फाडतायत. सकाळी शाळा भरतानाच्या कोंडीतही मोजू नका. तिथे सगळे दहाच्याच वेगात रांगतात आणि तुमचा आकडा तुमच्याच विरोधात जातो. कोरडा दिवस, बाजार नसलेला वार, रस्ता मोकळा असतानाची वेळ. एकामागोमाग गाड्या असतील तर फक्त पहिली धरा, मागच्या तिच्या वेगाने बांधलेल्या असतात. दुचाकी, कार आणि जड वाहनं यांचे आकडे वेगळे लिहा.

शंभरेक गाड्यांचे वेग झाले की चढत्या क्रमाने मांडा आणि सगळ्यात कमी वेगापासून मोजत पंच्याऐंशीवा आकडा बघा. वाहतूक अभियंत्यांची ही जुनी फूटपट्टी आहे: शंभरातले ८५ जण ज्या वेगाने किंवा त्याच्या आत चालवतात तो वेग. समजा तो ५२ आला. याचा अर्थ ५० ची मर्यादा मागितलीत तर बहुतेकजण आपोआप पाळतील, बाकीच्यांना पोलीस धरतील. ३० मागितलीत तर जवळजवळ सगळेच गुन्हेगार ठरतात. म्हणजे ३० मागू नये असं नाही. ३० मागायची तर पाटीबरोबर रस्त्यातही बदल मागावा लागतो, कारण रुंद, सरळ, गुळगुळीत रस्त्यावर लिहिलेला ३० कोणी वाचत नाही. ही फूटपट्टी जशीच्या तशी लावणाऱ्या साहेबांशी माझं कधी पटलं नाही. लोक सवयीने जोरात जातात आणि आपण ती सवय मोजून तिलाच मर्यादा म्हणायचं, हे हायवेला ठीक आहे, शाळेच्या फाटकापुढे नाही.

शाळेपुढे मी दुसरा हिशेब मांडायचे, तो सांगते. चालकाला अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत किती अंतर लागतं याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेचा, तक्ता आहे. ताशी ३० ला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६०, ६० ला ८०. यात चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. तक्ता धरताना चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर आणि रस्त्यावरच्या वस्तूची उंची १५ सेंटिमीटर मानतात.

आमच्या भागातल्या एका शाळेचं फाटक वळणाच्या पुढे आहे. वळणाच्या आतल्या बाजूला कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून टेम्पो उभे. फाटकासमोर जिथे मुलं रस्ता ओलांडतात तिथे दोन विटा एकावर एक ठेवल्या. चपट्या ठेवल्या की त्या साधारण १५ सेंटिमीटर भरतात. मग वाहनं येतात त्या बाजूने मागे मागे चालत गेले, डोळे १.२ मीटरवर येतील इतकी वाकून. कंबर बोंबलते, पण इलाज नाही. टेम्पोच्या आडून विटा दिसेनाशा झाल्या तिथे खडूची रेघ मारली. टेप लावली तर ३४ मीटर. म्हणजे त्या ठिकाणी ताशी ४० ने येणारा शहाणा, सावध, नवे ब्रेक असलेला चालकसुद्धा मुलापर्यंत थांबू शकत नाही. मग टेम्पो हटवून तेच मोजलं, तर अंतर ४५ च्या पुढे गेलं. त्या दिवशी दोन मागण्या तयार झाल्या: ३० ची मर्यादा आणि वळणावर नो पार्किंग. दुसरीचं काम पहिलीपेक्षा मोठं आहे, हे टेप लावल्यावरच कळलं.

हा प्रयोग तुम्ही करू शकता. एकाने वाहनं बघायची, एकाने टेप धरायची, फोटोत टेपचा आकडा दिसला पाहिजे. रविवारी सकाळी करा.

अपघातांची नोंद

मोजमापाच्या जोडीला पोलिसांचीच आकडेवारी हवी. माहिती अधिकारात अर्ज करा: पोलीस ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळे रामायण लिहू नका. ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत नोंद झालेले अपघात: दिनांक, वेळ, वाहनप्रकार, मृत व जखमी संख्या’ एवढंच. दुसऱ्या अर्जात वाहतूक शाखेकडे ‘या रस्त्याबाबत सध्या लागू असलेल्या वेगमर्यादेच्या आदेशाची प्रत’ मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

दुसऱ्या अर्जाचं उत्तर बऱ्याचदा मजेशीर येतं: ‘सदर आदेश अभिलेखात आढळून येत नाही.’ म्हणजे पाटी वर्षानुवर्षं उभी आहे आणि कागदच नाही. हे उत्तर जपून ठेवा, तुमच्या अर्जाला याहून चांगलं जोडपत्र मिळणार नाही.

तीन वर्षं का, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गावरच्या ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या तशी केली आहे: साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. तुमचा रस्ता त्यात बसला तर दारं लवकर उघडतात. नाही बसला तर देवाचे आभार माना आणि दोन विटांचा हिशेब पुढे करा.

अर्ज

एक पान. त्याहून जास्त कोणी वाचत नाही. भाषा सरकारीच ठेवा, तिथे साहित्य नको. माझा नमुना असा:

‘प्रति, पोलीस उपआयुक्त, वाहतूक शाखा. विषय: अमुक शाळा फाटक ते तमुक चौक (लांबी सुमारे ४०० मीटर) या रस्त्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ कलम ११२(२) अन्वये सर्व वाहनांकरिता कमाल वेगमर्यादा ताशी ३० कि.मी. निश्चित करणेबाबत. महोदय, उपरोक्त रस्त्यावर मोकळ्या वेळेत घेतलेल्या नोंदींनुसार ८५ टक्के वाहने ताशी ५२ कि.मी. वा त्याहून कमी वेगाने जातात. शाळेच्या फाटकासमोर वळणामुळे दृश्य अंतर ३४ मीटर इतकेच आहे. गेल्या तीन वर्षांतील अपघातांचा तपशील सोबत जोडला आहे. तरी संयुक्त पाहणी करून आदेश निर्गमित करावेत व महानगरपालिकेस कलम ११६ अन्वये फलक उभारण्याबाबत कळवावे, ही विनंती.’

खाली शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, पालक-शिक्षक संघाचं पत्र, नकाशावर दोन्ही टोकं लाल पेनाने. प्रती: महापालिकेचा वाहतूक नियोजन किंवा पथ विभाग, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. पोलीस, आरटीओ आणि बांधकामवाले एकाच टेबलाभोवती असतात. तिच्या इतिवृत्तात विषय एकदा आला की पुढच्या बैठकीत ‘अनुपालन’, म्हणजे ठरलं ते केलं का, विचारलं जातं, आणि अनुपालन या शब्दाला आमची जात भलती घाबरते.

आवक क्रमांकाशिवाय परत येऊ नका. ऑनलाइन तक्रारही करा, पण ऑनलाइनवर पाटी वाकल्याच्या तक्रारी सुटतात, नव्या आदेशाची फाइल अशी हलत नाही.

संयुक्त पाहणी

पोलीस निरीक्षक, महापालिकेचा अभियंता आणि तुम्ही. वेळ तुम्ही सुचवा, नाहीतर ते भर दुपारी येतील, जेव्हा रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि ‘वाहतूक सुरळीत आढळली’ असा शेरा मारतील. शाळा सुटण्याच्या अर्धा तास आधी बोलवा. आधी मोकळा रस्ता दिसेल, मग मुलांचा लोंढा. विटा आणि टेप तयार ठेवा आणि साहेबांना वाकायला लावा. लिहिलेले ३४ मीटर आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले ३४ मीटर यांत पुष्कळ फरक पडतो.

पाहणीत एक प्रश्न हमखास येतो: “त्यापेक्षा स्पीडब्रेकर टाकू का?” लगेच हो म्हणू नका. आपल्याकडे गल्लीबोळात डांबराचे जे उंचवटे टाकलेले असतात त्यांनी पाठीचे मणके मोडतात आणि रात्री दुचाकीवाले पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसचं मान्य माप आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार. त्यावरून ताशी २५ ने गाडी विनात्रास जाते, त्याहून जोरात गेली तर आदळते. पांढरे पट्टे आणि आधी इशाऱ्याची पाटी हवीच. असं करणार असाल तर जरूर करा, मर्यादेच्या जोडीला, मर्यादेऐवजी नको. मापाचा आग्रह लेखी धरा. ठेकेदाराकडे टेप नसते, फावडं असतं.

मसुदा, हरकती, आदेश

पुण्यासारख्या शहरात वाहतूक शाखा आधी तात्पुरता आदेश काढते, ‘प्रायोगिक तत्त्वावर’, आणि नागरिकांकडून हरकती-सूचना लेखी मागवते. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. इथे लोक एक गोष्ट विसरतात: हरकत घेणारे लिहितात, पाठिंबा देणारे घरी बसतात. रिक्षा स्टँड, दुकानदार, ट्रान्सपोर्टवाले यांची पत्रं येणारच आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं असतं असंही नाही. तुमच्याकडूनही पत्रं जाऊ द्या. एकाच मजकुराच्या पन्नास झेरॉक्सपेक्षा वेगवेगळी पाच पत्रं बरी: एक मुख्याध्यापकांचं, एक स्कूल व्हॅनच्या मामांचं, एक समोरच्या डॉक्टरांचं.

अंतिम आदेश हाती आला की चार गोष्टी तपासा. रस्त्याची दोन्ही टोकं नावानिशी आहेत का. कोणत्या वाहनांना लागू ते लिहिलंय का. कलम ११२ चा उल्लेख आहे का. घाईत कधी फक्त ११५ लिहिलं जातं, ते वाहनांच्या वापरावर बंदी घालण्याचं कलम आहे, वेगाचं नव्हे. आणि अधिसूचना राजपत्रात पाठवल्याची नोंद आहे का. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांना सूट असते, तेवढं वाक्य ठरलेलं असतं.

पाटी गोल, लाल कडा, पांढऱ्यावर काळा आकडा. त्रिकोणी पाटी इशारा देते, हुकूम करत नाही. ‘पुढे शाळा आहे’ या त्रिकोणाने वेगमर्यादा लागू होत नाही, हे पुष्कळ पालकांना पटत नाही. मधल्या चौकातून आत वळणाऱ्यालाही पाटी दिसली पाहिजे, म्हणून प्रत्येक फाट्यानंतर एक मागा, आणि मर्यादा जिथे संपते तिथे संपल्याची. गुलमोहराच्या फांद्यांमागे लपलेली पाटी ही आमच्या खात्याची खास निर्मिती. खांब रोवताना स्वतः उभे राहा.

नंतर

आदेश झाला म्हणजे वेग उतरला असं नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री तिथे डझनावारी गाड्या एकमेकींवर आदळल्या. नंतर वेगावर निर्बंध आले, रंबलर म्हणजे गाडी खडखडवणारे पट्टे आले, तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा मोठा अपघात झाला. लांब उतारावर ब्रेक तापलेल्या ट्रकला पाटीवरचा आकडा थांबवत नाही. तिथे रस्त्याची रचना आणि तपासणी हेच काम आहे. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० ही मर्यादा होतीच, कॅमेरे लागल्यावर लोकांचे पाय ब्रेककडे जायला लागले.

कॅमेरा मागणार असाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला २०२१ चा नियम १६७ अ वाचून घ्या. कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी आधी लावावी लागते आणि चलनाची सूचना १५ दिवसांत पाठवावी लागते. दंड कलम १८३ खाली: हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. आणि हवालदाराला ‘साठने चालला होता’ असं नुसतं वाटून चालत नाही. एकाच साक्षीदाराच्या अंदाजावर दोषी धरता येत नाही, तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. हे तुमच्याही बाजूने आहे, कधीतरी तुम्हीच गाडीत असणार.

मर्यादा वाढवून घ्यायचीही वाट हीच. रस्ता रुंद झाला, दुभाजक आला, पादचारी पूल झाला, आणि पाटी मात्र काम चालू असतानाचीच, २० ची. अशा पाटीमुळे शेजारची खरी पाटीही खोटी वाटायला लागते. इथेही आधी आदेश मागा. तात्पुरता निर्बंध महिन्याच्या वर चालवायचा तर अधिसूचना लागते. ती नसेल तर ठेकेदाराची पाटी नुसती काढायला सांगा, नवा आदेश लागत नाही. अधिसूचना असेल तर तीच प्रक्रिया उलट्या दिशेने: मोजमाप, दृश्य अंतर, पाहणी, मसुदा. फक्त एक ध्यानात ठेवा, रस्ता ज्या वेगासाठी बांधला तो त्याच्या मर्यादेचा आकडा नव्हे. समृद्धी महामार्गाचा आराखडा १५० साठीचा, मर्यादा कारला १२०. ‘रस्ता चांगला झालाय’ हे कारण एकट्याने पुरत नाही.

आणि नवा आदेश झाल्यावर जुन्या पाट्या काढल्या का, ते फिरून बघा. एकाच खांबावर वर ४० आणि खाली ३० असं मी पाहिलंय. काढण्याचं काम कुठल्याच निविदेत नसतं, म्हणून ‘जुने फलक काढून टाकणे’ ही ओळ अर्जातच घाला. आदेशाच्या साक्षांकित प्रती करून घ्या: एक शाळेच्या ऑफिसात, एक वाहतूक चौकीत. चौकीतला अंमलदार बदलून गेला की नव्याला त्या कागदापासूनच सुरुवात करावी लागते.